मोहितेवहिनींचा खड्डा

पारिजात सोसायटीत कुणाच्या घरी काय शिजतं हे सगळ्यांत आधी कुणाला कळायचं, तर तळमजल्यावरच्या अरुणाबाई मोहित्यांना. त्या कुणाच्या दाराला कान लावत नसत, जिन्यात चार बायका जमवून उभ्याही राहत नसत. पण इमारतीतल्या बहुतेक घरांमधली भाजीची सालं, देठं, चहाचा चोथा असं सगळं त्यांच्या मागच्या खड्ड्यात येऊन पडायचं. माणूस एक वेळ खोटं बोलेल, कचरा बोलत नाही.

अरुणाबाई कराडकडच्या. माहेर आणि सासर दोन्ही कृष्णाकाठचं, इतकं की नवऱ्याचं नावसुद्धा कृष्णात. तो सीबीडी बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत होता. नव्वदनंतरच्या एका सोडतीत त्यांना नेरूळला सिडकोचं घर लागलं, तेही तळमजल्याचं. नातेवाइकांनी नाकं मुरडली. ओल येते, उंदीर येतात, येणारा-जाणारा घरात डोकावतो. अरुणाबाईंनी मात्र स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं, भिंतीपर्यंतची मोकळी पट्टी पाहिली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. पायाखाली जमीन असली की त्यांना पुढचं सगळं निभावून नेता येईल असं वाटायचं.

जमीन होती, पण नावाला. वर मुरमाचा भराव आणि खाली खाडीचा चिखल. मेथी पेरली, ती उगवलीच नाही. कोथिंबीर उगवली आणि चार दिवसांत पिवळी पडली. आता कृष्णाकाठच्या माणसाला जमीन सुधारायचा एकच उपाय ठाऊक असतो, तो म्हणजे गाळ. पूर ओसरला की काठच्या शेतात गाळ बसतो आणि त्यात काठी रोवली तरी पालवी फुटते. अरुणाबाई लहानपणापासून हेच बघत आलेल्या.

“अहो, एवढी मोठी खाडी उशाला,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “गाळाला काय तोटा?”

कृष्णात मोहिते बायकोचं ऐकणारा माणूस. ओहोटीच्या वेळा बघून त्याने रविवारमागून रविवार स्कूटरवरून पोत्यांनी गाळ आणला. काळाभोर, लोण्यासारखा मऊ. वास असा सुटला की वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या पटापट बंद झाल्या, पण अरुणाबाईंनी त्या गाळाला हळदकुंकू वाहिलं आणि वांग्याची रोपं लावली. आठवडाभरात रोपांनी माना टाकल्या. ऊन तापलं तसा जमिनीवर पांढरा थर धरला. अरुणाबाईंनी तो बोटाने उचलून जिभेला लावला आणि मटकन पायरीवर बसल्या.

त्याच दिवशी जुन्या गावातले गोटीराम पाटील विटा टाकायला आले होते. त्यांचा आता रेती-विटांचा धंदा होता, पण घराणं मिठागरातलं. त्यांनी ती बाग पाहिली, सगळी हकीकत ऐकली आणि हसता हसता विटांच्याच ढिगावर टेकले.

“वैनी, ह्या मातीत आमच्या बापानी मीठ पिकवलं,” ते म्हणाले. “तुमी वांगी लावली? वांग्याचं लोनचं करायचा इचार हाय काय?”

कृष्णातही हसला. अरुणाबाईंना मात्र रडू आलं, आणि ते काही वांग्यांसाठी नव्हतं. नवरा सकाळी कामावर गेला की संध्याकाळी तो परत येईपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. मुलगा पुण्याला शिकायला. शेजारणी जिन्यात भेटल्या तर हसायच्या आणि दार लावून घ्यायच्या. ही पट्टी हिरवी झाली असती तर आपलं इथे काहीतरी आहे असं म्हणता आलं असतं. तीही खारट निघाली.

त्या पावसाळ्यात त्यांनी जमिनीला चर पाडले आणि मीठ वाहून जाऊ दिलं. पावसाकडे बघत बसल्या असताना त्यांना माहेरचा उकिरडा आठवला. परसात एका कोपऱ्यात शेणकूर, राख, भाजीचा पाला पडायचा आणि वर्षाने त्याचं खत रानात जायचं. गाळ नाही तर नाही, उकिरडा तर आपल्या हातात आहे. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात. अरुणाबाईंना एवढा दम नव्हता.

त्यांनी कमरेएवढा खड्डा खणला. तळाशी चिपाडं आणि नारळाच्या शेंड्या, त्यावर ओला कचरा, त्यावर सुका पाला, वर मूठमूठ माती आणि शेणाच्या पाण्याचा शिपका. शेण गोटीरामांच्या गोठ्यातून यायचं. ‘लोनचं’ म्हटल्याचं त्यांना मागाहून वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. अडचण एकच होती. दोन माणसांच्या घरात सालं निघून निघून निघणार किती? खड्डा भरेना. मग एक दिवस अरुणाबाईंनी पदर खोचला आणि शेजाऱ्यांची दारं वाजवायला निघाल्या.

कचरा मागायला आलेली बाई पारिजात सोसायटीने पहिल्यांदाच पाहिली. साखर मागावी, विरजण मागावं, अडीअडचणीला सिलिंडर मागावा. सालं? “आमची कशाला हवीत?” असं म्हणून बायका दार अर्धंच उघडायच्या. पहिल्या मजल्यावरच्या अभ्यंकरकाकूंनी तर लिंबाच्या साली मोजून बाजूला काढून ठेवल्या. न जाणो, कोणी काही करणी करायचं. डबा दिला तो फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या जाई रेग्यांनी. काही न विचारता त्यांनी फणसाची चारखंडं, म्हणजे वरची काटेरी सालं, भरून डबा हातात ठेवला.

आता डबा आला म्हणजे परत करणं आलं. आणि शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे अरुणाबाईंच्या हाडीमाशी खिळलेलं. बागेत तर तेव्हा द्यायला गवताची काडी नव्हती. त्यांनी डबा घासला, पुसला आणि त्यात चमचाभर साखर घातली.

“कचऱ्याच्या डब्यात साखर घालणारी तू जगातली पहिली बाई,” कृष्णात म्हणाला.

“हसा,” अरुणाबाई म्हणाल्या. “रिकामा डबा देऊन तुमचं नाव घालवू का?”

ती साखर कामी आली. जाईवहिनी तो किस्सा इमारतभर सांगत सुटल्या. कचऱ्याच्या बदल्यात साखर देणारी बाई करणी करत नसणार, एवढं अभ्यंकरकाकूंनाही पटलं. डबे यायला लागले. पुढच्या पावसाळ्यानंतर खड्ड्यातून काढलेलं खत हातात घेतलं तर चहाच्या पावडरीसारखं भुसभुशीत होतं आणि त्याला कसला म्हणून वाईट वास नव्हता. जमिनीत गांडुळं दिसायला लागली तेव्हा अरुणाबाईंनी नवऱ्याला हाक मारून दाखवली, पाहुणे आल्यासारखी. मग अळू आलं, मिरची आली, भिंतीवर दुधी चढला, कढीपत्ता खांद्याला लागला. साखरेची जागा अळूच्या जुडीने घेतली. डबा द्यायला आलेल्या बायका पायरीवर टेकायला लागल्या. सकाळी नवरा गेला की घर खायला उठायचं, ते कधी थांबलं हे अरुणाबाईंना कळलंही नाही.

आणि डब्यांबरोबर घरंही खाली यायला लागली. अभ्यंकरांकडे अंडं चालत नसे, पण त्यांच्या चहाच्या चोथ्यात अंड्याची टरफलं बारीक चुरून मिसळलेली असत. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना साखरेचं पथ्य होतं, तरी मे महिन्यात त्यांच्या डब्यात हापूसच्या कोयी चोखून पांढऱ्या केलेल्या यायच्या. तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या सुनेला, क्षिप्राला, दिवस गेल्याचं तिच्या सासूच्याही आधी अरुणाबाईंना कळलं, कैरीच्या बाठ्यांवरून. त्या सगळ्यावर अरुणाबाई पाला पसरायच्या आणि माती टाकायच्या. कृष्णातलासुद्धा त्यांनी कधी अवाक्षर सांगितलं नाही.

सगळ्यांत खोल पुरावा लागायचा तो जाईवहिनींचा डबा. जाईवहिनींचे यजमान श्यामसुंदर रेगे सोसायटीचे सेक्रेटरी. मूळचे वेंगुर्ल्याचे, वाढले गिरगावात. माणूस सरळ, पण नियमाचा भारी सोस. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका गुरूंचा अनुग्रह घेतला आणि मासे सोडले. वेंगुर्ल्याच्या माणसाने मासे सोडणं म्हणजे काय ते कोकणातल्याच माणसाला कळेल, त्यामुळे त्यांच्या त्यागाबद्दल कुणी काही बोललं नसतं. पण त्यांनी घरातही मासळी शिजणार नाही असं जाहीर करून टाकलं. जाईवहिनींना कुणी विचारलं नव्हतं.

त्यानंतर कधीमधी एखाद्या बुधवारी, रेगे कामावर गेले असताना, जाईवहिनींच्या डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राची पुरचुंडी यायला लागली. पहिल्यांदा ती उघडली तेव्हा अरुणाबाई दचकल्या. पातळ, गुलाबी, मिशा असलेलं असं काहीतरी. त्यांनी वर पाहिलं. जाईवहिनी भिंतीवरच्या दुधीकडे टक लावून बघत होत्या.

“खोल पुरते,” अरुणाबाई म्हणाल्या. त्या विषयावर त्या दोघी एवढंच बोलल्या, आणि नंतर तेवढंही बोलावं लागलं नाही.

रेग्यांना खड्डा पहिल्यापासून डोळ्यांत खुपत होता. उंदीर होतील, साथ येईल, त्यापेक्षा मागे सिमेंटचा कोबा घातला तर स्कूटरी लागतील, असं ते दर वर्षी सभेत मांडायचे. सभासद हो-हो म्हणायचे आणि घरी जाऊन अळूवडी खायचे. पण अठ्ठ्याण्णवच्या श्रावणात त्यांच्या हाती कोलीत मिळालं.

झालं असं की आषाढभर रेगे दाढदुखीने घरीच होते. श्रावण लागला तसे ते कामावर जायला लागले, आणि इमारतीखाली खाडीची ताजी कोलंबी घेऊन कोळीण आली. जाईवहिनींचा संयम तिथे संपला. एरवी अरुणाबाई पुरचुंडी हातभर खाली गाडायच्या, पण पाऊस असा कोसळला की खड्ड्याची एक कड ढासळली. सोमवारी सकाळी एका भटक्या कुत्र्याने ती पुरचुंडी उकरली आणि थेट जिन्याच्या पहिल्या पायरीवर नेऊन पसरली. शंकराला निघालेल्या अभ्यंकरकाकूंचा पाय त्या टरफलांवर पडला. श्रावणी सोमवार, हातात बेलाची पानं आणि पायाखाली कोलंबी.

संध्याकाळपर्यंत रेग्यांनी फळ्यावर लिहिलं. रविवारी सभा. ज्याच्या घरचं असेल त्याचं नाव कळलं तर त्याच्यापुरतं बघू, नाही कळलं तर खड्डा बुजवून कोबा घालायचा. या वेळी सगळेच भडकले होते, त्यामुळे ठराव मंजूर होणार हे उघड होतं.

“तुला माहीत आहे ना कोण ते?” शनिवारी कृष्णातने विचारलं.

“आहे.”

“मग सांगून टाक की. एवढ्या वर्षांची मेहनत घालवणार आहेस?”

“माहीत आहे म्हणूनच सांगता येत नाही,” अरुणाबाई म्हणाल्या.

मग त्या मागे गेल्या आणि उगाचच मिरचीच्या बुंध्याशी हाताने माती ओढत बसल्या. मुरमावर कोबा घातला असता तर त्यांना काडीचं दुःख नव्हतं. पण ही माती त्यांनी स्वतः केली होती, सालं मागून मागून. तिच्यावर आता सिमेंट पडणार होतं. एक नाव घेतलं की ती वाचणार होती. जाईवहिनी आठवडाभर खाली फिरकल्या नव्हत्या.

सभा मीटरच्या खोलीजवळच्या पॅसेजमध्ये भरली. खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा पोरंसोरं जिन्यावर बसली. रेग्यांनी टरफलांचं यथासांग वर्णन केलं आणि अरुणाबाईंकडे वळले.

“मोहितेवहिनी, डबे तुमच्याकडे येतात. रिकामे तुम्ही करता. तुम्हाला ठाऊक असणारच. कुणाच्या घरचं होतं?”

अरुणाबाई उभ्या राहिल्या. ‘मला माहीत नाही’ असं म्हणायचं त्यांनी घरून ठरवून आणलं होतं. शेवटच्या खुर्चीवर जाईवहिनी बसल्या होत्या, मान खाली घालून एकेक बांगडी मागे-पुढे करत. ते पाहिलं आणि अरुणाबाईंच्या तोंडून भलतंच निघालं.

“आमच्या घरचं होतं.”

कृष्णातने आ वासून बायकोकडे पाहिलं. पहिल्यांदा चौथ्या मजल्यावरचे आजोबा खुसखुसले. कारण मोहित्यांचं आणि मासळीचं वाकडं किती आहे हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. सोसायटीच्या सहलीला कृष्णातने कोलंबी टरफलासकट चावली होती आणि पाणी पीत पीत कर्नाळ्याहून परत आला होता.

“मोहितेवहिनी,” रेगे म्हणाले, “कोलंबी सोलतात कशी, सांगा बघू.”

“कशी म्हणजे?” अरुणाबाईंनी धीर धरून सांगितलं, “सोलण्याने सोलतात की. बटाट्यासारखी.”

हशा असा उसळला की जिन्यावरची पोरं एकमेकांवर पडली. रेग्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

“म्हणजे तुम्ही कुणाला तरी पाठीशी घालताय.”

“भाऊजी,” अरुणाबाई म्हणाल्या, “त्या खड्ड्यात पडलं की ते कुणाच्या घरचं राहत नाही. इतकी वर्षं सगळं मी हाताने सारखं केलंय. ज्याचं त्याला मागे द्यायला मी ते ठेवलेलं नाही. बुजवायचा असेल तर बुजवा. पण जे पडलं ते माझंच होतं.”

हसणं विरलं. अभ्यंकरकाकूंनी एकदम चष्मा काढला आणि पुसायला घेतला. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी सुनेची नजर चुकवली. मांडीवर मूल घेऊन बसलेली क्षिप्रा अरुणाबाईंकडे बघतच राहिली. या बाईला सगळं माहीत होतं आणि सगळ्यांबद्दल माहीत होतं, हे त्या पॅसेजमधल्या प्रत्येकाच्या ध्यानात आपापल्या हिशेबाने आलं.

“खड्डा बुजवावा या बाजूने असतील त्यांनी हात वर करा,” रेगे म्हणाले, आणि स्वतःचा हात वर केला.

दुसरा हात वर आला नाही. रेग्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. निदान घरचं एक मत तरी मिळेल म्हणून त्यांनी शेवटच्या खुर्चीकडे पाहिलं, तर जाईवहिनींनी मान वर केली होती. त्या सरळ त्यांच्याकडेच बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. नवऱ्याला बायकोचा चेहरा वाचता येतो, पण त्यासाठी तो आधी बघावा लागतो. रेग्यांचा हात हळूहळू खाली आला.

“ठराव नामंजूर,” ते म्हणाले. पुढचे विषय त्यांनी भराभर उरकले.

संध्याकाळी उघडीप होती. अरुणाबाई खड्ड्याची ढासळलेली कड विटांनी बांधत होत्या, तोच इमारतीला वळसा घालून रेगे मागच्या बाजूला आले. इतक्या वर्षांत ते इथे पहिल्यांदाच येत होते. थोडा वेळ ते मिरच्यांकडे बघत उभे राहिले.

“चांगल्या आल्यात,” ते म्हणाले.

“न्या की चार.”

“नको. वहिनी, खरं सांगा. ती आमच्या घरची होती ना?”

अरुणाबाईंनी हातातली वीट खाली ठेवली. “तिची माती झाली, भाऊजी. आता मी कुठून ओळखणार?”

रेग्यांनी पायाजवळची एक वीट उचलून त्यांच्या हाताशी ठेवली. मग खालच्या आवाजात म्हणाले, “मासळी सोडली मी होती. तिने नव्हती सोडली. हे माझ्या डोक्यातच आलं नाही बघा. घरात चोरून खायची वेळ आणली मी तिच्यावर.” आणि जरा थांबून, इकडेतिकडे बघत, “तुम्ही तिला एवढं सांगाल? म्हणावं, मी घरी असताना करत जा. मी खाणार नाही. पण नुसता वास घेतला तर गुरूंची काही मनाई नाही.”

अरुणाबाईंना हसू आवरेना. त्यांनी मातीचा हात तसाच पदराला पुसला.

“माझ्या तोंडून काही बाहेर पडत नाही, हे आज सगळ्यांनी बघितलं ना, भाऊजी? हे तुमचं तुम्ही सांगा. वरच आहेत त्या.”

रेगे गेले, ते जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत गेले.

श्रावण संपला, गौरी-गणपती झाले. त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून कोलंबीच्या कालवणाचा घमघमाट मागच्या अंगणात उतरला. रेग्यांची स्कूटर खालीच उभी होती. घरात पेपर वाचत बसलेल्या कृष्णातने नाकाला रुमाल लावला.

“अगं, मागचं दार लाव,” तो ओरडला. “कसला हा वास.”

“असू दे उघडं,” अरुणाबाई म्हणाल्या, आणि दारातच उभ्या राहिल्या.